चिंधीच्या खाली कुऱ्हाड नाही

आमच्या गावात लाईट जात नसे, लाईन जात असे. "लाईन आली का?" "नाही जी, आत्ताच गेली." नागपूरला कॉलेजात आल्यावर मी असं बोलले तेव्हा वर्गातल्या मुली हसल्या होत्या आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. राग मला लवकर येतो, लाज त्याहून लवकर वाटते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

गाव कुही तालुक्यातलं, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. बाबा लाईनमन होते. आमच्या आणि आजूबाजूच्या चार गावांचे खांब, तारा, ट्रान्सफॉर्मरच्या डीप्या त्यांच्या ताब्यात. त्यामुळे लाईन कशानंही गेली तरी गाव आधी आमच्या दाराशी यायचं. लोडशेडिंगची ती वर्षं. एक आठवडा दिवसा लाईन, एक आठवडा रात्री. त्याचं वेळापत्रक आमच्या ओट्यावरच्या भिंतीला भाताच्या शितांनी चिकटवलेलं असायचं आणि बायका येता-जाता ते बघून चक्कीवर दळण कधी न्यायचं ते ठरवायच्या. वेळापत्रकाप्रमाणे लाईन गेली तर कुणी हूं की चूं करत नसे. वेळ सोडून गेली की मात्र हाका सुरू. बाबा भरल्या ताटावरून उठत, पकड कमरेला खोचत आणि सायकल काढत. आई ताटावर दुसरं ताट झाकून ठेवी. असं झाकलेलं ताट आमच्या घरात रोजचंच होतं.

ते दिवस हालाचे होते असं आता सगळे म्हणतात. होते खरे. पण मला त्यांची आठवण आली की आधी संध्याकाळ आठवते. कंदिलाची काच राखेनं पुसायचं काम माझं. पंखे बंद, म्हणून सगळी गल्ली अंगणात उतरलेली. कुणाच्या चुलीवरचं वांगं कुणाच्या ताटात जायचं त्याला धरबंध नसे. शेजारची म्हातारी पानाचा डबा घेऊन आमच्याच बाजेवर यायची आणि बाबांना टोमणे मारायची, "काहून गा, आज तुही लाईन माहेरी गेली का?" बाबा हसून म्हणायचे, "येते आत्ता, साडी बदलून राहिली." मग कधीतरी एकदम सगळे बल्ब पेटायचे, पोरं गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत "आऽऽली!" करून ओरडत सुटायची आणि पाच मिनिटांत अंगण रिकामं व्हायचं. जो तो टीव्हीपुढे. मला तेव्हा लाईनचा राग यायचा. अजून थोडा वेळ आली नसती तर काय बिघडलं असतं, असं वाटायचं.

लोडशेडिंग बाबांच्या हातात नव्हतं. झाडं होती. मृगाच्या आधी तारांना लागणाऱ्या फांद्या उतरवल्या नाहीत तर पावसाळाभर वाऱ्याची झुळूक आली की ठिणग्या आणि गल्लीत अंधार. काम साधं. आधी फोन करून लाईन बंद करून घ्यायची, मग दोन माणसं शिडीवर चढवून फांद्या पाडायच्या. पण झाडाला हात लावायचा म्हणजे गावात भांडण. माणसं सोडून द्यायची, बायका सोडायच्या नाहीत. मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा, कडुलिंबाची सावली, हिवाळ्यात लगडणारी बोर, प्रत्येकीचा जीव कशात ना कशात अडकलेला. एका बाईनं तर बाबा वर असताना खालून शिडीच धरली होती. "मुनग्याले हात लावला तं हलवीन जी," म्हणाली. बाबा मुकाट्यानं खाली उतरले.

त्यानंतर त्यांनी चिंधीची रीत काढली. फांद्या पाडायचा दिवस आधी सांगायचा. आदल्या दिवशी घरच्या बाईनं फांदीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीपासून शेंड्यापर्यंतचं लाईनमनचं, चिंधीच्या खालचं घरचं. चिंधीच्या खाली कुऱ्हाड लागणार नाही, हा बाबांचा शब्द. चिंधी फार वर असली आणि तार मोकळी होत नसली, तर बाबा ती स्वतः कधी हलवत नसत. ओट्यावर बसायचे, चहा मागायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि मधूनच वर बघून म्हणायचे, "ताई, एक हात खाली घ्या ना." बाई म्हणायची, "चार बोटं." मग दुसरा चहा. कधीकधी एका झाडापायी तीन चहा व्हायचे. पण चिंधीला हात लावायचा तो घरच्या बाईनंच, हे इतकं पक्कं होतं की एकदा एका घरची चिंधी बकरीनं खाल्ली तर बाबांनी ते बोरीचं झाड त्या दिवशी तसंच सोडलं. बाई गावाला गेली होती. ती परत येऊन दुसरी चिंधी बांधेपर्यंत आठवडाभर कुऱ्हाड थांबली. गाव हसलं, पण त्या आठवड्यापासून बाबांवर बायकांचा जो विश्वास बसला तो बसला. मे महिन्याच्या शेवटी आमचं गाव चिंध्यांनी भरून जायचं. लाल, पिवळ्या, विटलेल्या हिरव्या. सायकलवरून जाताना बाबा मान वर करून त्या बघत जायचे, आणि तेव्हा त्यांचा चेहरा असा असायचा की मला त्यांच्या कॅरिअरवर बसल्याचा अभिमान वाटायचा.

आता आमच्या अंगणातलं झाड. आंबा होता. आईनं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माहेरच्या झाडाची कोय आणून लावलेला. फळ लहान, आंबट, लोणच्याचं. आईचं माहेर नदीकाठचं गाव होतं आणि ते धरणाच्या पाण्यात गेलं. मामा लोकांना पुनर्वसनात दुसरीकडे प्लॉट मिळाले, सरळ रस्त्यांचे, सिमेंटच्या खांबांचे. आईनं तिथं जाऊन येऊन पाहिलं आणि म्हणाली, "बरं आहे." एवढंच. पण गाव पाण्याखाली गेलं त्या वर्षापासून तिची चिंधी वर चढली. आधी ती शहाण्यासारखी बांधायची. आता बाज उभी करून, तिच्यावर चढून, आकडीनं फांदी वाकवून पार शेंड्यापाशी. बाबा खाली उभे राहून बघायचे. दुसऱ्या बाईला म्हणाले असते, एक हात खाली घ्या. तिला म्हणत नसत. शेंड्याची चार पानं कापायचे आणि पुढच्या घरी जायचे.

त्याचा परिणाम व्हायचा तो व्हायचाच. आमच्या गल्लीची लाईन सगळ्यात जास्त जायची आणि ती आमच्याच आंब्यानं. श्रावणातल्या एका संध्याकाळी फांदी तारांवर आपटून फ्यूज उडाला आणि तो बसवायला बाबा भर पावसात खांबावर चढले. पाय घसरला. फार उंचावरून नाही, पण गुडघा दगडावर आदळला आणि दोन महिने ते लंगडत होते; ठणका तर कायमचाच राहिला. आई रोज त्यांच्या गुडघ्याला तेल लावायची आणि एक शब्द बोलायची नाही. पुढच्या मे महिन्यात चिंधी पुन्हा शेंड्याला.

मी तेव्हा बारावीला जाणार होते. कुहीला कॉलेजात एसटीनं जायचो आम्ही मुली. त्यातली एक आमच्याच गल्लीतली. तिनं बसमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "काय वं, लाईनमनची पोरगी, साऱ्या गावाचे झाडं कापते तुहा बाप, अन् घरचं झाड पाहून डोळे मिटते का?" बस हसली. कंडक्टरही हसला. मी बाबांच्या गुडघ्याच्या काळजीनं पुढचं केलं, असं मी नंतर किती वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. मी ते त्या बसमधल्या हसण्यापायी केलं.

फांद्या पाडायच्या आदल्या दिवशी दुपारी आईनं चिंधी बांधली. तिच्या निळ्या लुगड्याची होती. मग ती पिशवी घेऊन मामाकडे बारशाला गेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. ती वळणाआड गेली तशी मी बाज उभी केली. मनात होतं की एखादा हात खाली घ्यायची, तार मोकळी होईल इतकीच. आकडीनं गाठ ओढून चिंधी काढली खरी, पण ती बांधायला माझा हात तिथवर पुरेना. आई माझ्याहून उंच. शेवटी जिथे हात पुरला तिथे बांधली. ती जागा म्हणजे मोठी फांदी जिथून फुटत होती, त्याच्या वीतभर वर. खाली उतरून पाहिलं तर अर्धा आंबा चिंधीच्या वर होता. वाटलं, बाबा बघतील, थांबतील, आई आल्यावर विचारतील. ते नेहमी थांबायचे ना.

सकाळी ते दोन माणसं घेऊन आले. वर बघितलं आणि बघतच राहिले. मग माझ्याकडे वळले. "आईनं बांधली का वं?"

मी म्हणाले, "हो."

बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली. शिडीवर चढणाऱ्या माणसाला त्यांनी खाली बोलावलं आणि दुखऱ्या गुडघ्यानं स्वतः वर गेले. ती फांदी त्यांनी दुसऱ्या कुणाला तोडू दिली नाही. दोरी बांधून हळू उतरवली, कापलेल्या जागी शेण लिंपलं. खाली आल्यावर त्यांचे डोळे ओले होते. "माह्यासाठी केलं तिनं," मला म्हणाले. "बोलत नाही ती. पन पाह्यते सारं." त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं, बोलायला हवं, आणि मी घागर उचलून पाण्याला गेले.

आई संध्याकाळी आली. फाटकातच थांबली. आंब्याच्या जागी अर्धं आभाळ दिसत होतं. बाबा ओट्यावरून उठून तिच्याकडे गेले, हसत म्हणाले, "आली का? चहा मांड ना वं." ती आत गेली आणि तिनं चहा मांडला. तो बाबांपुढे ठेवला आणि परत आत गेली. मी चुलीजवळ बसून वाट बघत होते की ती विचारेल, चिंधी कुणी हलवली. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी अजूनही माझी समजूत आहे. तिनं विचारलं नाही. तिच्या मते त्यात विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गावभर शब्द पाळणाऱ्या माणसानं तिची चिंधी तिच्या पाठीमागे खाली ओढली होती.

त्यानंतर ती बाबांशी थेट बोलायची थांबली. भांडण नाही, आदळआपट नाही. "त्याईले विचार, भाकर पाहिजे का अजून." "त्याईले सांग, पानी तापलं." मी मध्ये. बाबांना वाटलं, माहेरचं दुःख आहे, जाईल. एकदा ऑफिसच्या कामानं नागपूरला गेले तर सीताबर्डीहून तिच्यासाठी मोरपंखी साडी घेऊन आले. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःहून आणलेली ती एकच साडी. आईनं ती पेटीत ठेवली आणि कधी नेसली नाही. माझ्या लग्नात तरी नेसेल, असं बाबा मला दोनदा म्हणाले होते. लग्नात ती दुसरीच नेसली. बाबांनी मांडवातून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांच्या पंगतीकडे वळले. माझ्या अंगावर हळद होती आणि मला रडू येत होतं, सगळ्यांना वाटलं सासरी जायचं म्हणून.

आणखीही एक झालं, ज्याचा मी विचारसुद्धा केला नव्हता. गल्लीतल्या बायकांनी आमची तोडलेली फांदी पाहिली, आईचं तोंड पाहिलं आणि ज्या त्या घरी जे समजायचं ते समजल्या. पुढच्या वर्षी निम्म्या झाडांवर चिंध्या नव्हत्या. त्याच्या पुढच्या वर्षी एकही नव्हती. बांधून उपयोग काय, लाईनमन हलवते, असं आतल्या आत झालं होतं. भांडणं पुन्हा सुरू झाली. बाबांना कारण कळेना. नोकरी संपेपर्यंत कळलं नाही. "काहून बांधत नसन वं आता कोनी?" असं त्यांनी एकदा मलाच विचारलं. मी नागपूरहून सुट्टीला आले होते. मी म्हणाले, "जमाना बदलला, बाबा." असं म्हणणारी ती मुलगी मला आजही समोर दिसते आणि तिच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

गावची लाईन आता फारशी जात नाही म्हणतात. बाबाही आता नाहीत. शेवटचं आजारपण नागपूरच्याच दवाखान्यात झालं, मी औषधांसाठी खाली-वर करत होते आणि आई त्यांच्या खाटेजवळ. ते गेल्यावर मी आईला माझ्याकडे आणलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि खालच्या रस्त्यावरची वर्दळ बघते.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी वादळ आलं आणि आमच्या कॉलनीची लाईन गेली. इन्व्हर्टर तासाभरात थकला. लिफ्ट बंद, मोटर बंद, सगळे गॅलऱ्यांत. चारच्या सुमारास गाडी आली, तिच्यावर वर-खाली होणारा पाळणा, त्यात हेल्मेट घातलेला माणूस आणि हातात करवतीची मशीन. फाटकाजवळचा गुलमोहर त्यानं दहा मिनिटांत अर्धा केला. फुलांसकट फांद्या रस्त्यावर पडल्या. आई मुनग्याच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "कोनाचं झाड आहे, इचारलं बी नाही वं त्यानं."

आणि मी सांगितलं. ठरवलं नव्हतं. बस सांगितली, बाज सांगितली, हात कुठवर पुरला ते सांगितलं, बाबांनी काय विचारलं आणि मी काय म्हणाले ते सांगितलं. सगळं एका दमात. खाली मशीन चालू होती, म्हणून मला जवळजवळ ओरडून सांगावं लागत होतं, आणि शेवटी शेवटी मशीन बंद पडली तेव्हा माझा आवाज साऱ्या कॉलनीला ऐकू गेला असेल.

आईनं हातातली शेंग ताटात ठेवली.

"त्याईनं नव्हती हलवली?"

"नाही, आई. मी."

"अन् त्याईले वाटलं, मी बांधली."

"हो. माझ्यासाठी केलं तिनं, असं म्हणाले. स्वतः चढले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

मला वाटलं, ती मला बोलेल. बोलावं, अशी माझी फार इच्छा होती. ती रस्त्याकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "दवाखान्यात, तू औषध आनाले गेली होती तवा. मी त्याईचा हात धरला होता. किती वर्सानं धरला असन. मी म्हनली, जाऊ द्या जी, आंब्याचं मी मनातून काढलं. माफ केलं तुमाले."

मी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

"त्याईनं डोळे उघडले. माह्याकडे पाहून म्हने, 'कोनतं आंब्याचं?'"

आईचे हात मांडीवर तसेच पडून होते.

"मले वाटलं, अजून बी कबूल करत नाही हा मानूस. मी हात सोडला वं त्याईचा."